१/७२ मापाचा टायगर मॉथ: पहिलं दुपंखी विमान जोडताना

दुपंखी विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं किट पहिल्यांदा हातात घेणारा बहुतेक वेळा तारांनाच घाबरतो. केसाएवढ्या तारा त्या एवढ्याशा पंखांमध्ये कशा बसवायच्या, या धास्तीनेच कितीतरी डबे माळ्यावर जातात. माझं मत वेगळं आहे. तारा म्हणजे संयमाचं काम, ते जमतं. विमान बिघडतं ते कामाचा क्रम चुकल्यामुळे. एकपंखी विमान आधी सगळं चिकटवून मग रंगवलं तरी निभावतं. इथे वरचा पंख एकदा बसला की खालच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही, डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) सरकवायला जागा राहत नाही आणि भोक पाडायला ड्रिल सरळ धरता येत नाही. म्हणून वरचा पंख चढण्याआधी जवळजवळ सगळं विमान तयार झालेलं असलं पाहिजे. हे एक सूत्र धरून पुढचं सगळं सांगतो.

कोणतं विमान घ्यावं

मुंबईत जुनं विमान म्हटलं की जे. आर. डी. टाटा आठवतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते जुहूला उतरले, तेच विमान करावं असं अनेकांच्या मनात असतं. पण ते होतं पुस मॉथ, आणि त्याला एकच पंख, तोही डोक्यावर. दुपंखी हवं असेल तर त्याच डी हॅविलंड कंपनीच्या घराण्यातला टायगर मॉथ घ्या. १९३० साली वैमानिक अ‍ॅस्पी इंजिनिअर यांनी ज्या जातीच्या विमानातून इंग्लंड ते भारत उड्डाण करून आगाखान पारितोषिक जिंकलं, त्या जिप्सी मॉथमधूनच पुढे टायगर मॉथ घडला. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी तो पहिल्यांदा उडाला. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही आपल्या हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे याच विमानावर गिरवले. पुढे त्याची जागा बंगळुरूला बनलेल्या एचटी-२ ने घेतली. आपल्या आकाशाशी इतकं जवळचं नातं असलेलं दुपंखी विमान दुसरं शोधावं लागेल.

शिकणाऱ्याच्या दृष्टीनेही तो बरा. दोन पंखांमध्ये प्रत्येक बाजूला स्ट्रटची, म्हणजे पंखांना जोडणाऱ्या उभ्या दांड्यांची, एकच जोडी असते, त्यामुळे तारांचं जंगल होत नाही. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ८.९४ मीटर. सहा फुटांना एक इंच हे १/७२ चं माप, त्यात तो साधारण १२४ मिलिमीटर भरतो. हाताच्या पंजावर मावेल एवढं विमान.

किट घेताना साचा किती जुना आहे हे जरूर विचारा. एअरफिक्स या किट बनवणाऱ्या कंपनीने टायगर मॉथ १९५७ मध्ये काढला होता आणि २०१४ मध्ये पूर्ण नव्या साच्यात पुन्हा काढला. जुना डबा स्वस्तात मिळाला तरी पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नका. जुन्या साच्यांत स्ट्रट जाड असतात, ते नेमके कुठे बसायचे त्याच्या खाचा उथळ असतात, आणि दुपंखी विमानात सगळा खेळ त्या खाचांवर असतो.

आधी विमान समजून घ्या

डबा उघडल्यावर लगेच कटर हातात घेऊ नका. एक संध्याकाळ फक्त फोटो पाहण्यात घालवा. टायगर मॉथ बाजूने पाहिला तर वरचा पंख खालच्या पंखापेक्षा पुढे सरकलेला दिसतो, आणि वरून पाहिला तर दोन्ही पंख किंचित मागे झुकलेले दिसतात. याला कारण आहे. आधीच्या जिप्सी मॉथमध्ये पुढची बैठक वरच्या पंखाच्या खालीच येत होती. पॅराशूट बांधलेल्या माणसाला अडचणीच्या वेळी तिथून बाहेर पडणं कठीण जाई. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे नेला. तसं केल्यावर विमानाचा तोल बिघडला, तो सावरायला पंख मागे झुकवले. हे माहीत नसलेला माणूस जोडताना पंख 'सरळ' करायला जातो, स्ट्रट उभे करायला जातो, आणि मग एकही खाच जुळत नाही. तिरपे आहेत ते तिरपेच असायला हवेत.

आणखी दोन गोष्टी फोटोत टिपून ठेवा. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, फक्त खालच्या पंखांना आहेत. वरच्या पंखाच्या मधोमध जो फुगीर भाग दिसतो ती पेट्रोलची टाकी.

आता तारा. सूचनापत्रिकेतल्या समोरच्या आणि बाजूच्या चित्राची झेरॉक्स काढा, थोडी मोठी करून. त्यावर लाल पेन्सिलीने उड्डाणाच्या तारा काढा: या खालच्या पंखाच्या मुळापासून निघून बाहेरच्या स्ट्रटच्या वरच्या टोकाला जातात, आणि हवेत पंख वर उचलला जातो तेव्हा ताण घेतात. निळ्याने उतरण्याच्या तारा: या वरच्या मधल्या भागापासून स्ट्रटच्या खालच्या टोकाला येतात आणि जमिनीवर पंखांचं वजन पेलतात. बाकीच्या छोट्या तारा, शेपटाकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा, हिरव्याने. कुठे जोडतार आहे, कुठे एकेरी, हे अंदाजाने ठरवू नका, फोटोत बघा. प्रत्येक तारेला क्रमांक द्या. हा कागद शेवटपर्यंत टेबलावर राहणार आहे.

हत्यारं आणि सामान

मॉडेलिंगची खास हत्यारं ऑनलाइन मिळतात, पण त्यातली बरीचशी आपल्या शहरात निम्म्या कटकटीत मिळतात. झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांत बारीक टोकाचे चिमटे, सुईसारख्या कानशी आणि हाताने फिरवायचे छोटे ड्रिल मिळतात. सोनाराचा चिमटा एकदा वापरलात की दुसरा नकोसा होतो. त्याची टोकं पूर्ण मिटतात, आणि ०.१ मिलिमीटरची तार धरायला तेच लागतं. ०.३ आणि ०.४ मिलिमीटरचे बिट घ्या, प्रत्येकी दोन-चार, कारण ते मोडतात. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा काळा कागद, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळेल. ४००, ८०० आणि १२०० नंबरचा घ्या. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर कटरच्या पात्यांपासून छोट्या शिकंज्यापर्यंत सगळं एका फेरीत होतं.

गोंद तीन प्रकारचे लागतात. प्लास्टिक वितळवून जोडणारा पातळ सिमेंट, फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा, आणि साधा फेविकॉल. अ‍ॅक्रिलिक शीटचं काम करणारे जो क्लोरोफॉर्म वापरतात तो इथे आणू नका. बंद खोलीत तो वास घातक आहेच, शिवाय १/७२ चा स्ट्रट तो क्षणात मऊ करून टाकतो.

कामाला बसायची जागा म्हणजे मोठी परात किंवा उंच कडेचा ट्रे, त्यात पांढरा कागद. चिमट्यातून सुटलेला भाग परातीतच पडतो. पंखा बंद, निदान वाऱ्याच्या झोताबाहेर बसा.

पावसाळ्याचं गणित

हे मुंबईकरांसाठी वेगळं सांगायलाच हवं, कारण परदेशी मार्गदर्शकांत याबद्दल काही नसतं. झटपट गोंद हवेतल्या ओलाव्यामुळेच घट्ट होतो. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की थेंब नेमक्या जागी नेईपर्यंत तो चिकट होऊ लागतो, आणि सुकल्यावर आजूबाजूला पांढरी पूड धरते. काचेच्या भागांवर तर ती काढता येत नाही. म्हणून फॉइलच्या तुकड्यावर थेंब घ्या, सुईच्या टोकाने लावा आणि थेंब वारंवार बदला. बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चपलांच्या खोक्यात येणाऱ्या त्या पुड्या फेकू नका.

लॅकर स्प्रेवर दमट दिवसात पांढुरका धूर बसतो, त्यामुळे पावसाची झड लागलेली असेल तर स्प्रे नको. पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशने चालतात, फक्त दोन हातांमध्ये जास्त वेळ द्या. डीकलचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, वहीत दाबून ठेवा. ओल धरलेला डीकल पाण्यात टाकताच तुकडे होऊन तरंगतो.

जोडणीला सुरुवात

सगळे भाग स्प्रूला (भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीला) असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा. साच्यातलं तेल गेलं नाही तर रंग धरत नाही. भाग कापताना मुळाशी कापू नका, थोडं स्प्रू ठेवून कापा आणि उरलेलं कानशीने घासा. स्ट्रट कापताना विशेष जपा: आधी बारीक टोकाकडची जोडणी, मग जाड टोकाकडची. उलट केलंत तर ताण बारीक टोकावर येतो आणि ते तुटतं.

कॉकपिटमध्ये फार वेळ घालवू नका. या मापात दोन्ही बैठका, पट्टे आणि उपकरणांची पाटी एवढंच दिसतं, तेही वाकून पाहिलं तर. पट्ट्यांसाठी मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या पुरतात.

धडाचे दोन अर्धे जोडले, खालचा पंख बसवला की एक तपासणी करा. समोरून पाहताना दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर हवीत. शेपटाचा आडवा पंख त्याच्याशी समांतर हवा. इथला अर्धा मिलिमीटरचा फरक वरचा पंख बसवताना दुप्पट होऊन समोर येतो. फट राहिली असेल तर पुट्टी आताच भरा आणि वॉटर पेपरने घासा. पंखांवर कापडाखालच्या फासळ्या दिसतात, त्या घासताना पुसल्या जाऊ नयेत म्हणून फासळीच्या दिशेने घासा, आडवं नाही.

आता तो झेरॉक्सचा कागद समोर घ्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने ठिपका द्या आणि ०.३ च्या बिटने उथळ खळगा करा. आरपार नको, फक्त टोक अडकेल इतका. बिट हाताने, दोन बोटांनी, घड्याळाला चावी देतात तसा सावकाश फिरवा. हे काम रंगाआधी करा. रंगाने खळगे थोडे भरतील, पण नंतर सुईने मोकळे करता येतात.

रंग, आणि तोही वरचा पंख वेगळा ठेवून

शिकवण्याच्या विमानांचा पिवळा रंग सगळ्यांना आवडतो, आणि पिवळ्याइतका चकवणारा रंग नाही. तो खालचं सगळं दाखवतो. राखाडी प्रायमरवर पिवळा दिला तर हिरवट दिसतो, कितीही हात द्या. खाली आधी पांढरा द्या. मग पिवळ्याचे पातळ हात, प्रत्येक पूर्ण सुकल्यावरच पुढचा. घाईने एक जाड हात दिला की फासळ्यांच्या मधल्या खोलगटात रंग साचतो आणि कडा फिक्या राहतात.

वरचा पंख, स्ट्रट, चाकं, प्रोपेलर, सगळं सुटं सुटं रंगवा. वरच्या पंखाची खालची बाजू विसरू नका. नंतर तिथे पोचणार नाही. स्ट्रट जिथे चिकटणार त्या टोकांवर आणि खाचांवर रंग नको. तिथे मास्किंग टेपचा ठिपका लावा किंवा नंतर पात्याने खरवडा. सिमेंट प्लास्टिकला धरतो, रंगाला नाही.

मग डीकल. स्वातंत्र्योत्तर भारतीय हवाई दलाचं विमान करायचं असेल तर चक्राचं चिन्ह कोणत्या वर्षाचं हवं हे आधी ठरवा. बाहेर केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं हे वर्तुळ १९५० पासूनचं. त्याआधी काही काळ अशोकचक्र होतं. ज्या वर्षाचं विमान, त्या वर्षाचा फोटो. डीकल नीट बसावा म्हणून खाली चकचकीत वार्निशचा हात द्या, नाहीतर कडांखाली हवा अडकून चंदेरी दिसतं. बसवायचं खास द्रावण नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून ब्रशने लावा, फासळ्यांवर डीकल बऱ्यापैकी बसतो.

वरचा पंख

इथे पूर्ण दिवस मोकळा ठेवा. पाहुणे येणार असतील त्या दिवशी हे काम काढू नका.

आधी साचा बनवा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा यासाठी उत्तम. किटच्या समोरच्या चित्रावरून दोन पंखांमधलं अंतर मोजा आणि तेवढ्या उंचीच्या चार पट्ट्या कापा, प्रत्येक बाजूला दोन. त्या खालच्या पंखावर उभ्या राहतील आणि वरचा पंख त्यांवर टेकेल. पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असतात, म्हणून मुळाशी आणि टोकाशी उंची वेगळी मोजा.

मग कोरडी मांडणी. गोंद न लावता चारही बाहेरचे स्ट्रट खालच्या पंखात उभे करा, पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवा, वरचा पंख टेकवा. हे पुन्हा पुन्हा करा, हात सरावेपर्यंत. कुठला स्ट्रट पुढचा आणि कुठला मागचा, कुठलं टोक वर, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

चिकटवताना बाहेरचे स्ट्रट आधी फक्त खालच्या पंखात, थोडा घट्ट आणि सावकाश सुकणारा सिमेंट लावून उभे करा. दहा-पंधरा मिनिटांत ते उभे राहतात, पण हलवले तर हलतात. हीच वेळ. वरच्या पंखाच्या खाचांत थोडा थोडा सिमेंट लावा आणि पंख वरून सरळ खाली आणा. एकेक टोक चिमट्याने खाचेत ढकला. झटपट गोंद इथे मुळीच नको, तो सुधारायला वेळच देत नाही.

आता कंपासपेटीतलं कर्कटक काढा. वरच्या पंखाच्या डाव्या टोकापासून शेपटाच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या, तेच उजवीकडे लावून पाहा. मग डोळा विमानाच्या नाकासमोर आणून पाहा: खालचा पंख, वरचा पंख आणि शेपूट एकमेकांशी जुळतायत का? जुळेपर्यंत बोटाने हळूच ढकला. मग रात्रभर हात लावायचा नाही. मधले, धडावरचे स्ट्रट दुसऱ्या दिवशी, पंख घट्ट झाल्यावर आत सरकवायचे. काही जण ते आधी लावतात. माझा अनुभव असा की बाहेरचे चार आधी बसले की मधल्यांना आपोआप नेमकी जागा मिळते.

तारा

मुंबईत तंगूस सहज मिळतो, आणि तो घेऊन बसण्याचा मोह होतो. बारीक तंगूस आरपार भोकांतून ओवून ताणला की तारा फार मजबूत होतात. पण नायलॉन ओलावा शोषून लांबतो. डिसेंबरात ताठ बसवलेली तार जुलैत ढिली पडते. शिवाय ओढताना पंख वाकण्याची भीती असते. पहिल्या विमानाला ताणलेलं स्प्रू वापरा. त्याच प्लास्टिकचं, दमटपणाचा त्यावर परिणाम नाही, आणि फुकट.

रिकाम्या स्प्रूचा दहा-बारा सेंटिमीटरचा सरळ तुकडा घ्या. मेणबत्ती पेटवा, जवळ थिनर, स्प्रे काही नको. तुकडा आडवा धरून ज्योतीच्या वर दोन बोटं अंतरावर गोल फिरवत राहा. मधला भाग चमकू लागतो, मग किंचित झुकतो. झुकला की ज्योतीपासून बाजूला घ्या, एक श्वास थांबा आणि दोन्ही हात सरळ रेषेत बाहेर ओढा. जोरात ओढलं तर बारीक, हळू ओढलं तर जाड. ओढून झाल्यावर काही सेकंद ताण सोडू नका, नाहीतर धागा वेटोळं घेतो. पहिले काही फुकट जातील, त्यात काही नाही. सारख्या जाडीचे धागे निवडून वहीच्या पानावर टेपने चिकटवून ठेवा. काळसर राखाडी किंवा स्टीलच्या रंगाचा हलका हात द्या.

बसवताना कर्कटकाने दोन खळग्यांतलं अंतर घ्या, धागा पट्टीवर ठेवून तेवढाच कापा. एका टोकाला सुईने फेविकॉलचा कण लावा, खळग्यात टेकवा, मग चिमट्याने दुसरं टोक. फेविकॉल पाण्याने पुसता येतो, म्हणून चूक दुरुस्त होते. आतून बाहेर या: आधी मधल्या स्ट्रटमधल्या तारा, मग उतरण्याच्या, शेवटी उड्डाणाच्या. डावी-उजवी आलटून पालटून, कागदावरचे क्रमांक खोडत.

एखादी तार जरा झोळ घेऊन बसली तर उदबत्ती पेटवा. तिचं लाल टोक तारेखाली एक सेंटिमीटरवर धरून तारेच्या लांबीने हळू फिरवा. उष्णतेने तार आकसते आणि डोळ्यांदेखत ताठ होते. जवळ नेलं तर तुटते, त्यामुळे दुरून सुरुवात करा. हे पाहण्यात जो आनंद आहे तो या छंदातल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

शेवटची कामं

चाकं, मागची घसरपट्टी, प्रोपेलर आणि वाऱ्याच्या काचा आता. काचा फेविकॉलनेच लावा, झटपट गोंदाने त्या धुरकट होतात. सगळ्यावर अर्धचकचकीत वार्निशचा एक पातळ हात द्या, काचा झाकून. कापडावर पक्का रंग मारलेला असल्याने खरं विमान पूर्ण मॅट नसायचं.

ठेवायला काचेचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं झाकण हवंच. समुद्राकडची खारी, दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ तारांवर बसली की काळी बुरशीसारखी दिसते आणि पुसायला गेलं की तार जाते. खिडकीच्या उन्हात ठेवू नका, पिवळा फिका पडतो. धूळ झटकायची तर मऊ, कोरडा ब्रश तारेच्या लांबीने फिरवा, आडवा कधीच नाही.

कुणाला दाखवायला नेणार असाल तर खोक्याच्या तळाशी फोम लावा, त्यात चाकांपुरती खाच कापा, आणि धड फोमच्या दोन पट्ट्यांमध्ये अलगद धरा. पंखांना कशाचाही स्पर्श नको. लोकलने जायचं तर दुपारी निघा, आणि खोका रॅकवर ठेवू नका, मांडीवर घ्या.